चित्र, नकाशा आणि जुनं पत्र: इतिहास-भूगोल शिकवायला नव्यानं लागलेल्यांसाठी

जून उजाडला की दरवर्षी काही नवे शिक्षक इतिहास-भूगोलाचं टाचण काढायला बसतात. पाठ्यपुस्तक उघडलं की सहावीपासून पुढे जवळजवळ प्रत्येक इयत्तेत ‘इतिहासाची साधने’ हा धडा सुरुवातीलाच भेटतो. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं ही तीन नावं पाठ करतात, प्रत्येकी दोन उदाहरणं लिहितात, मार्क मिळवतात. आणि वर्षभरात एकही साधन त्यांच्या हाती पडत नाही. भूगोलाची गतही तीच. समोच्च रेषेची व्याख्या तोंडपाठ असते, पण शाळेमागची टेकडी नकाशावर दाखव म्हटलं की बोट अडखळतं.

पुण्यात किंवा आसपासच्या तालुक्यांत शिकवणाऱ्या, या कामाला नव्या असलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितो आहे, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतली आहेत. चित्र, नकाशा किंवा जुनं पत्र धडा शिकवून झाल्यावर ‘हेही बघा’ म्हणून दाखवायचं नसतं, धडाच त्यातून निघू द्यायचा असतो. आणि इतिहासाचा कागद भूगोलाच्या कागदाशेजारी ठेवला की दोन्ही विषय मुलांना कितीतरी लवकर कळतात. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

आधी तासाचा हिशेब

पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि वह्या काढणं यात पाच मिनिटं जातात. उरलेल्या तीस मिनिटांत एकच साधन घ्यायचं. दोन नाही. नव्या शिक्षकाला वाटतं की दहा-बारा स्लाइड दाखवल्या म्हणजे तास रंगला. प्रत्यक्षात मुलं स्लाइडमागून स्लाइड बघत राहतात आणि शेवटी त्यांना पहिलीही आठवत नाही. एकच चित्र तीस मिनिटं समोर राहिलं तर मागच्या बाकावरचं मूलही काहीतरी नवं शोधून काढतं.

मोठ्या सुट्टीनंतरचा तास अशा कामाला बरा, कारण तेव्हा नुसतं ऐकत बसणं मुलांना जड जातं. प्रोजेक्टर नसेल तर अडत नाही. चार-पाच मुलांत एक रंगीत प्रिंट पुरते. पन्नास मुलांच्या वर्गाला दहा-बारा प्रिंटा लागतात. त्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घातल्या की पुढची कित्येक वर्षं टिकतात. काळी-पांढरी झेरॉक्स फक्त पत्रांसाठी वापरा. चित्राचा आणि नकाशाचा अर्धा मजकूर रंगात असतो.

चित्रापासून सुरुवात करा

पहिल्यांदाच करत असाल तर चित्र घ्या. ते वाचता यावं लागत नाही, त्यामुळे अभ्यासात मागे असलेली मुलंही पहिल्या मिनिटापासून सामील होतात.

मी सुचवेन ते चित्र थॉमस डॅनियलचं. पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तह करतो आहे, असा प्रसंग आहे. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. वर्गात देताना खालची ओळ झाकून टाका. शीर्षक नाही, साल नाही, चित्रकाराचं नाव नाही. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. ही दोन मिनिटं शिक्षकाला फार लांब वाटतात. तरी मध्ये बोलू नका.

मग फळ्याचे तीन भाग करा: ‘दिसतं’, ‘वाटतं’, ‘कळत नाही’. मुलं सांगतील तसं लिहीत जा. एखादं मूल हमखास म्हणतं, “राजा बसलाय.” ते ‘दिसतं’मध्ये लिहू नका. दिसतो तो एक बसलेला माणूस. तो राजा आहे हे वाटतं, आणि का वाटतं ते त्या मुलाला विचारा. कपड्यांवरून? आजूबाजूची माणसं कुठे बघतायत त्यावरून? इतिहासाच्या अभ्यासात पुरावा आणि अनुमान वेगळं ठेवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि सातवीतलं मूल ती फळ्यावरच्या दोन उभ्या रेघांनी शिकतं. तासाची पंधरा मिनिटं इथे गेली तरी चालतील.

माहिती नंतर द्या, तीही एकदम नाही. आधी एवढंच सांगा की हा पुण्याचा शनिवारवाडा आहे आणि प्रसंग १७९०चा आहे. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांच्यात तह झाला तो हा. बसलेला तरुण पेशवा म्हणजे सवाई माधवराव. त्याचा जन्म १७७४चा, म्हणजे तेव्हा तो सोळा वर्षांचा, दहावी-अकरावीतल्या मुलाएवढा. हे ऐकलं की मुलं चित्र पुन्हा निरखून बघतात आणि नाना फडणीस कोणता ते शोधायला लागतात.

त्यानंतर दुसरी माहिती द्या: हे चित्र रंगवून पूर्ण झालं १८०५मध्ये. पंधरा वर्षांनी. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्यानं आधार घेतला जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांचा. वेल्स पुण्यात राहिला होता, इथल्या माणसांना समोर बसवून त्यानं त्यांची चित्रं काढली होती. पण तोही मुंबईला उतरला १७९१मध्ये, म्हणजे तहानंतर. शिवाय चित्र काढून घेतलं ते खुद्द मॅलेटनं.

आता प्रश्न टाका: मग या चित्रावर विश्वास कशाबाबत ठेवायचा आणि कशाबाबत नाही? उत्तरं मुलांकडूनच येतात. चेहरे बऱ्यापैकी खरे असतील, कारण वेल्सनं माणसं पाहिली होती. महालाचे खांब, कमानी, छत यांची कल्पना येते, आणि ती फार मोलाची आहे, कारण १८२८च्या आगीत वाड्यातल्या इमारती जळून गेल्या. त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं, हे मात्र या चित्रावरून ठामपणे सांगता येत नाही. मॅलेटला आपण कसे दिसावंसं वाटत होतं, तेही त्यात मिसळलेलं आहे. ‘चित्र खोटं आहे’ असं म्हणून मुलं ते बाजूला सारायला निघाली तर थांबवा. कोणत्या प्रश्नाला ते उपयोगी आहे, एवढंच ठरवायचं आहे.

वेल्सच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रकला शिकलेला गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत. त्यानं वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. परक्या चित्रकाराची नजर आणि इथल्या चित्रकाराची नजर यांची तुलना करायची असेल तर दुसऱ्या एखाद्या तासाला त्याची चित्रं घ्या.

कॅलेंडरवरच्या आणि पुस्तकातल्या थोर व्यक्तींच्या चित्रांबाबत एक सवय लावा. हे चित्र कधी काढलं, काढणाऱ्यानं त्या व्यक्तीला पाहिलं होतं का, एवढे दोनच प्रश्न. आपल्या डोळ्यांसमोर असलेली अनेक चित्रं विसाव्या शतकातली आहेत. ती श्रद्धेनं काढलेली आहेत आणि त्यांचा मान ठेवूनच हे विचारता येतं.

नकाशा: छापण्यापासूनच सुरुवात

भिंतीवरचा भारताचा नकाशा सगळ्या शाळांत असतो. मुलांना खरी गरज आहे ती स्वतःचं गाव दिसेल अशा नकाशाची, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाची. १:५०,००० प्रमाणाचे हे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकानुसार पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन शीटांवर येतं. १८ अंश ३० मिनिटांच्या अक्षवृत्तावर शीट बदलतं आणि ती रेषा शहरातूनच जाते. शनिवारवाडा वरच्या शीटवर, पर्वती आणि सिंहगड खालच्या शीटवर. दोन्ही शीटं कडेला कडा लावून चिकटवायचं काम मुलांनाच द्या. अक्षवृत्त ही कल्पनाच असली तरी नकाशा कापणारी रेषा असते, हे चिकटवताना आपोआप समजतं.

छापताना सांभाळा. पूर्ण शीट उभ्या बाजूनं साधारण ५५ सेंमी असतं, ते ए-थ्री कागदावर मावत नाही. दुकानदार सवयीनं ‘फिट टु पेज’ करतो आणि नकाशा आखडतो. मग खाली १:५०,००० छापलेलं असतं, पण ते खरं राहत नाही. १ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर हा हिशेब चुकतो. म्हणून हवा तेवढाच भाग निवडून मूळ आकारात छापून घ्या. पट्टी लावून चौकटीच्या रेघांमधलं अंतर मोजा, २ सेंमी म्हणजे १ किमी जुळतंय का बघा, मगच जास्त प्रती काढा. आखडलेली प्रत हाती आलीच तर फेकू नका. आठवीला नकाशाप्रमाण शिकवताना दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि विचारा की कोणतं प्रमाण बिघडलं, कोणतं टिकलं. अंकप्रमाण (१:५०,०००) आणि शब्दप्रमाण (‘१ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर’) बिघडतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली मोजपट्टी, नकाशाबरोबरच लहान होतं, म्हणून ते बरोबरच राहतं. व्याख्येपेक्षा हे पक्कं लक्षात राहतं.

पहिल्या तासाला नकाशावर काहीही शिकवू नका. मैदानात जा, नकाशा जमिनीवर पसरा, उत्तरेला लावा. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड यांपैकी जे दिसेल त्याकडे हात करा आणि नकाशावर त्याच दिशेला ते सापडतंय का बघा. मग रंग: तपकिरी म्हणजे उंचीच्या रेषा, निळा पाण्याचा, पिवळा शेतीचा, हिरवा वनांचा, लाल वस्त्यांचा आणि रस्त्यांचा. काळ्या रंगातले ओढे म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे. दोन समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. सातवीला एवढं पुरे.

आता खरा उपयोग. मुंबई–पुणे रेल्वेच्या इतिहासात एक विचित्र टप्पा आहे. खंडाळा ते पुणे ही गाडी १८५८मध्ये सुरू झाली. खाली कोकणातून घाटाच्या पायथ्यापर्यंतची गाडीही तोवर धावत होती. पण मधला बोरघाटाचा टप्पा १८६३मध्ये सुरू झाला. पाच वर्षं प्रवासी पायथ्याला उतरायचे, पालखीनं, तट्टावरून नाहीतर गाडीरस्त्यानं घाट चढायचे आणि वर येऊन दुसरी गाडी पकडायचे. मुलांना ही दोन सालं द्या, घाटाचा नकाशा द्या आणि एवढंच विचारा: मधलाच तुकडा का राहिला?

ती नकाशावर वाकतात आणि तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. पायथा शंभर मीटरच्या आत, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. अंतर पट्टीनं मोजा, लोहमार्गाचं दोऱ्यानं मोजा. दोरा मार्गाच्या वळणांवरून नीट बसवायचा आणि मग सरळ करून पट्टीला लावायचा. सरळ अंतर आणि दोऱ्याचं अंतर यातली तफावत म्हणजे इंजिनाला चढता यावं म्हणून घेतलेला वळसा. तीव्र उतार, बोगदे, मजुरांचे कष्ट, व्यापार, सगळा धडा या तफावतीतून निघतो.

पर्वतीचं उदाहरण मला याहूनही आवडतं. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली आणि दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होता, असं इतिहासात येतं. पर्वतीवर गेलात तर तिथेही हे ऐकायला मिळतं. मुलांना विचारा: दिसत असेल का? चिकटवलेल्या दोन्ही शीटांवर पर्वतीपासून लढाईच्या जागेकडे, म्हणजे गणेशखिंडीकडे, आज जिथे विद्यापीठ आहे तिकडे रेघ मारा. अंतर सहा-सात किलोमीटर, म्हणजे नकाशावर १२ ते १४ सेंमी. रेघ जिथे जिथे समोच्च रेषेला छेदते तिथली उंची टिपून आलेख कागदावर छेद, म्हणजे जमिनीचा चढउतार बाजूनं दाखवणारी रेघ, काढा. फर्ग्युसनमागची टेकडी रेषेत येते की बाजूला राहते? लढाईची जागा थोडी पूर्वेला धरली तर काय होतं? तेव्हा इमारती नव्हत्या, याचा काय फरक पडतो? इतिहासातलं विधान भूगोलाच्या साधनानं तपासायचं, यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही. शक्य असेल तर नंतर मुलांना पर्वतीवर न्या आणि त्यांनी काढलेला छेद प्रत्यक्ष दृश्याशी ताडून बघू द्या.

त्याच नकाशावर कात्रजचा तलाव आणि शनिवारवाडा यांची उंचीही काढायला सांगा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात नळानं पाणी आणलं, ते कसल्याही यंत्राशिवाय कसं आलं, याचं उत्तर दोन आकड्यांच्या वजाबाकीत आहे.

जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवायचा तर सारसबाग घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी तिथे पूर्वी तळं होतं आणि गणपतीचं देऊळ तळ्यातल्या बेटावर. मुलांच्या घरी आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. जुना नकाशा पाहिला की हे नाव कुठून आलं ते त्यांना दिसतं. अलीकडच्या बदलांसाठी इस्रोचं भुवन किंवा गूगल अर्थमधली जुनी उपग्रहचित्रं वापरा. हिंजवडी किंवा खराडीचा वीस वर्षांतला बदल मुलं श्वास रोखून बघतात.

एक खबरदारी घ्या. भारताचा नकाशा परदेशी संकेतस्थळावरून उचलू नका. आपल्या सीमा तिथे अनेकदा वेगळ्या दाखवलेल्या असतात. सीमा असलेला नकाशा सर्वेक्षण विभागाचाच घ्या.

जुनं पत्र वर्गात आणायचं तर

लिखित साधन सगळ्यात शेवटी घ्या, निदान दिवाळीनंतर. मुलांना तोवर ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’ वेगळं करायची सवय लागलेली असते.

पत्र निवडताना ते छोटं असावं किंवा त्यातल्या आठ-दहा ओळी घ्याव्यात. मूळ मोडी पानाचा फोटो, त्याचं देवनागरी रूप आणि अवघड शब्दांचे अर्थ, हे तिन्ही एकाच कागदावर छापा. मोडी वाचता आली नाही तरी चालेल. पण शाईचा ओघ, न सोडलेली शब्दांमधली जागा, शिक्का कुठे मारलाय, हे बघू द्या. शिवरायांच्या पत्रांवर वर मुद्रा असते आणि शेवटी मर्यादेचा शिक्का. पत्राला शेवट असल्याचा शिक्का का लागत असेल, असं विचारलं की आठवीतली मुलं क्षणात सांगतात: कोणी खाली आणखी ओळ घुसडू नये म्हणून.

मी घेतो ते शिवरायांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना पाठवलेलं पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं, पावसाळा तोंडावर असताना लिहिलेलं. त्यातल्या सूचना अशा: घोड्यांचा दाणा आणि गवत आत्ताच उधळू नका, नाहीतर पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणाचं धान्य, कोणाचं गवत, कोणाची भाजी आणाल आणि लोकांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि विस्तवाची काळजी घ्या: कोणी चूल पेटती ठेवील, कोणी तमाखू ओढील, कोणी दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर जळती वात पळवील आणि गवताच्या गंज्या पेटतील.

वर्गात हे हळू, मोठ्यानं वाचा. उंदरापाशी मुलं हसतात, हसू द्या. मग नकाशा काढा. चिपळूण कुठे आहे? कोकणात. तिथे जून ते सप्टेंबर किती पाऊस पडतो? घाटवाटांचं पावसाळ्यात काय होतं? चार महिने बाहेरून चारा येणार नसेल तर गवताच्या गंजीची किंमत काय? हे पत्र नुसत्या इतिहासाच्या तासाला ‘रयतेची काळजी’ या एका मुद्द्यात संपतं. पावसाचा नकाशा शेजारी ठेवला की कळतं की लिहिणाऱ्याला जमीन, ऋतू, जनावरं आणि माणसांचा स्वभाव यांची बारीक जाण होती. रयतेची काळजी त्या जाणिवेतून आलेली दिसते, आणि तिचं वजन वाढतं.

दुसरं पत्र सावित्रीबाई फुल्यांचं, जोतीरावांना लिहिलेलं. २० एप्रिल १८७७, मुक्काम ओतूर, जुन्नर. दुष्काळाची अवस्था आणि सत्यशोधकांचं मदतीचं काम त्यात आहे. सावित्रीबाई म्हणजे पहिल्या शिक्षिका, भिडेवाड्यातली शाळा, १८४८, एवढंच मुलांना माहीत असतं. हे पत्र वाचलं की त्यांना दुष्काळात गावोगावची परिस्थिती डोळ्यांनी पाहून नवऱ्याला कळवणारी कार्यकर्ती भेटते. आणि लगेच भूगोल: ओतूरपासून माळशेज घाट जवळ, घाटमाथ्यावर धो धो पाऊस, मग ओतूरला दुष्काळ कसा? पर्जन्यछायेचा प्रदेश इथे शिकवा. आपल्याच जिल्ह्याचे आकडे फळ्यावर लिहा. लोणावळ्याला वर्षाला ४०० सेंमीच्या पुढे, पुण्याला ७०च्या आसपास, बारामतीला ५०च्या आसपास. या तीन ठिकाणांतून पश्चिम–पूर्व रेघ काढली की मुलं स्वतःच म्हणतात, “ढग घाटावरच रिकामे होतात.”

तारखांची भीती घालवा. शके दिसलं की ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. राज्याभिषेक शके १५९६, म्हणजे १६७४. पाच मिनिटांत जमतं आणि गणिताचे सरही खूश होतात.

घरातलं साधन: पानशेत

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. जुन्या पुणेकर घरांत अजूनही ही आठवण सांगणारे आजी-आजोबा आहेत. त्यांच्यातले सगळ्यात लहान आता साठीच्या पुढे, आणि नीट आठवणारे सत्तरीच्या पुढे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

मुलांना तीनच प्रश्न लिहून द्या. तेव्हा तुम्ही कुठे राहत होतात? पाणी कुठपर्यंत आलं होतं? ते तुम्ही स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं? तिसरा प्रश्न वगळू नका. मौखिक साधनाची पारख त्यातच आहे. वर्गात पेठांचा मोठा नकाशा लावा. स्वतः पाहिलेल्या ठिकाणी निळा ठिपका, ऐकलेल्या ठिकाणी निळं वर्तुळ. तीस-चाळीस खुणा जमल्या की बाहेरच्या बाजूचे ठिपके जोडा. जी वाकडी रेघ येते ती पुराची रेषा, आणि पाणी सपाट उभं राहतं म्हणून ती जवळपास एका उंचीवरून जाते. मुलांनी समोच्च रेषेसारखीच एक रेषा हातानं काढलेली असते. स्थलनिर्देशक नकाशावर २० मीटरच्या अंतरामुळे एवढा बारीक चढउतार दिसत नाही, तो त्यांनी माणसांच्या आठवणीतून मिळवला. एखादा ठिपका रेषेपासून फार लांब पडला तर खोडू नका. आठवण चुकली, की तिथे नाल्यातून पाणी उलटं चढलं? पुन्हा विचारून यायला सांगा.

काहींच्या घरातली माणसं त्या पुरात गेली, काहींचा संसार वाहून गेला. मुलांना आधी समजावून सांगा: आजी गप्प झाली तर प्रश्न थांबवायचे आणि वही मिटून तिच्याजवळ बसायचं.

शाळा जिथे पुण्याबाहेर आहे तिथे पानशेतच्या जागी आपल्या गावचा दुष्काळ, धरणात गेलेलं गाव किंवा वेशीवरचे वीरगळ घ्या. जुन्नरच्या बाजूला असाल तर नाणेघाटाएवढं मोठं साधन दाराशी आहे: सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख, घाटवाट आणि दगडी रांजण.

साधनं मिळवायची कुठून

पुण्याच्या शिक्षकाला तक्रारीला जागा नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०पासून, वि. का. राजवाडे संस्थापकांपैकी. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यातली निवडक कागदपत्रं गो. स. सरदेसायांनी ४५ खंडांत छापली, ते खंड मोठ्या ग्रंथालयांत बघायला मिळतात आणि वर्गासाठी तेच सोयीचे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, दारं अशा घरगुती वस्तू आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी राजेरजवाड्यांपेक्षा हे बरं. पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय, इनामगावच्या उत्खननाची ओळख तिथेच करून द्या. आणि १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भागांत. ते इंटरनेटवर मोफत आहे. त्यात आपल्या गावाचं नाव शोधून तेवढाच परिच्छेद मराठीत सांगा. लिहिणारे इंग्रज अधिकारी होते, त्यांना महसुलाची माहिती हवी होती, हेही सांगायला विसरू नका.

कुठेही जाण्यापूर्वी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, मुलांची संख्या आणि इयत्ता लिहा, फोटोची परवानगी वेगळी विचारा. एकटे आधी जाऊन या. पन्नास मुलं घेऊन एका दालनात घुसण्यापेक्षा एका वस्तूसमोर पंधरा मिनिटं बसता येईल अशी जागा हेरून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं ‘दुर्मिळ छायाचित्र’ किंवा ‘खरं पत्र’ वर्गात नेऊ नका. कोणत्या संग्रहातलं, कोणत्या सालचं हे सांगता येत नसेल तर ते साधन नाही. आता यंत्रानं बनवलेली ऐतिहासिक चित्रं सर्रास फिरतात. अशा चित्राची प्रतिमा-शोधात उलट तपासणी करणं नववीच्या मुलांना शिकवा, त्यांना ते आपल्याहून लवकर जमतं. प्रत्येक प्रिंटच्या मागे स्वतःच्या हातानं लिहा: मूळ कुठे आहे, कोणी केलं, कधी केलं, मी कुठून घेतलं. चार ओळींची ही सवय पहिल्याच वर्षी लावून घ्या.

परीक्षेत काय विचाराल

वर्षभर असं शिकवून सहामाहीला ‘साधनांचे प्रकार लिहा’ विचारलं तर मुलांना कळतं की खरं महत्त्व कशाला आहे. चाचणी तुमच्या हातात असते. मुलांनी न पाहिलेलं साधन द्या, म्हणजे पाठांतर चालत नाही, आणि उत्तराला ‘कशावरून’ची जोड मागा. नुसतं बरोबर उत्तर एक गुण, कारण दिलं तर दोन, ‘हे यावरून सांगता येत नाही’ असं योग्य जागी लिहिलं तर तेही दोन.

नमुन्यासाठी एक प्रश्न देतो. शिंद्यांच्या छत्रीचं किंवा विश्रामबाग वाड्याचं एक छायाचित्र, शेजारी त्या भागाचा नकाशा, आणि खाली: या छायाचित्रकाराची पाठ कोणत्या दिशेला होती? दिवसाचा कोणता प्रहर असावा? छायाचित्रातली कोणती वस्तू पन्नास वर्षांपूर्वी तिथे नसणार? प्रत्येक उत्तरापुढे ‘कशावरून’ लिहा. वेळ वीस मिनिटं, पट्टी वापरायला परवानगी.